घरी बीपी मोजायचं आणि नोंदी संगणकात ठेवायच्या, तर क्रम असा ठेवा

बीपीच्या यंत्राच्या पडद्याचा फोटो, त्यावर १५८/९६, आणि खाली प्रश्न: ‘आता काय करू?’ नात्यातले, शेजारचे, जुने वर्गमित्र, सगळ्यांकडून अधूनमधून हे येतं. विज्ञानात काम करतो म्हणजे औषधांतलंही कळत असणार, हा समज काही जात नाही. मी डॉक्टर नाही. माझं काम मोजमापाचं आणि आलेले आकडे संगणकात धड बसवण्याचं. त्यामुळे कुठली गोळी, किती, यावर इथे एक शब्दही नाही. पण त्या फोटोतल्या आकड्याचं काय करायचं हे न सांगता येण्याचं कारण बहुतेक वेळा वैद्यकीय नसतंच. तो कसा घेतला, कधी घेतला, आधी-नंतर काय आलं, हे कोणालाच ठाऊक नसतं.

काही मंडळी याच्या उलट टोकाला असतात. दोन वर्षांच्या नोंदी, रंगीत शीट, चार आलेख. आणि पट्टा मात्र स्वेटरच्या बाहीवरून बांधलेला. मोजणं चुकलं असेल तर संगणक ती चूक फक्त नीटनेटकी करून दाखवतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका. शीट सहाव्या टप्प्यावर आहे ती मुद्दाम.

आधी हे वाचा. वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, हातापायातली ताकद जाणं, बोबडी वळणं, अचानक दिसेनासं होणं यातलं काही असेल, तर दुसरं मोजमाप घेत बसू नका, नोंद तर मुळीच करू नका. १०८ ला फोन करा. असा कुठलाही त्रास नसेल तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तरीही तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

## १. यंत्र निवडा, पण त्याआधी दंड मोजा

शिंप्याची टेप घ्या. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर दंडाचा घेर मोजून कागदावर लिहा. दुकानात जाण्याआधी हा एक आकडा हातात हवा. यंत्रासोबत येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो, काहींचा २२ ते ४२. घेर ३५ असताना ३२ पर्यंतचा पट्टा ओढूनताणून बांधला तर बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. सडपातळ दंडाला मोठा पट्टा लावला तर कमी दिसतं. घरात आजोबांचा दंड २१ आणि मुलाचा ३६ असेल तर एका पट्ट्यात दोघांचं भागणार नाही. दुसरा पट्टा वेगळा विकत मिळतो. तो त्याच यंत्राचा घ्या.

यंत्र दंडाचंच घ्या. मनगटाचं यंत्र हात जरा वर-खाली झाला तरी फसतं. घड्याळातल्या बीपीवर तर तूर्तास विसंबू नकाच. पट्ट्याशिवाय बीपी सांगणारी उपकरणं निदानासाठी वापरू नयेत, असं युरोपीय उच्चरक्तदाब संस्थेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे.

मॉडेल प्रमाणित आहे का, हे खोक्यावरच्या जाहिरातीवरून ठरवू नका. स्ट्राइड बीपी नावाच्या संकेतस्थळावर तपासलेल्या मॉडेल्सची यादी आहे, तिच्यात मॉडेलचा पूर्ण क्रमांक शोधा. एकाच कंपनीचं एक मॉडेल यादीत असतं, दुसरं नसतं.

हे यंत्र वरचा आणि खालचा आकडा थेट मोजत नाही, हेही माहीत असू द्या. हवा सोडताना पट्ट्यातल्या दाबात जी बारीक स्पंदनं उठतात ती ते टिपतं. ती सर्वांत मोठी होतात त्या जागेवरून सरासरी दाब ओळखतं, आणि वरचा-खालचा आकडा कंपनीच्या सूत्राने काढतं. हे सूत्र कंपनीगणिक वेगळं. प्रमाणित यंत्रालाही सरासरी ५ मिलिमीटर पाऱ्यापर्यंतच्या (बीपीचे आकडे याच एककात असतात) चुकीची मुभा असते. म्हणून सकाळी घरच्या यंत्रावर आणि संध्याकाळी शेजाऱ्यांच्या यंत्रावर मोजून तुलना करण्यात अर्थ नाही.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावं: ज्यांच्या हृदयाची लय अनियमित आहे, आणि गरोदर बायका. पहिल्यांच्या बाबतीत यंत्राचा भरवसा कमी होतो, दुसऱ्यांसाठी वेगळं प्रमाणित केलेलं मॉडेल लागतं आणि धोक्याच्या मर्यादाही वेगळ्या असतात.

## २. घड्याळ लावा, यूजर वेगळे करा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात आणि महिन्याभराने डोकं धरून बसतात.

बॅटऱ्या बदलल्या की बऱ्याच यंत्रांचं घड्याळ मागे जाऊन कुठल्यातरी जुन्या १ जानेवारीवर बसतं. यंत्र मोजत राहतं, आकडे साठवत राहतं, पण तारखा सगळ्या खोट्या. पुढे तुम्ही ते ब्लूटूथने मोबाइलमध्ये घेता आणि ऑगस्टचं बीपी जानेवारीत जाऊन पडतं. बॅटरी बदलली की सर्वांत आधी तारीख-वेळ लावायची, मोजायचं त्यानंतर.

दुसरं म्हणजे यूजर एक आणि यूजर दोन हे बटण. आईचं आणि बाबांचं बीपी एकाच यूजरवर घेतलं तर यंत्र जी ‘शेवटच्या तिनांची सरासरी’ दाखवतं ती दोघांची मिळून निघते. असली सरासरी घेऊन दवाखान्यात गेलेली माणसं आहेत. यंत्रावर मार्करने ‘१ = आई, २ = बाबा’ एवढं लिहून चिकटवा. ही सरासरी वापरूही नका, ती आपण शीटमध्ये काढणार आहोत.

तपासणी: यंत्र चालू करा. तारीख आजची आहे? वेळ बरोबर आहे, आणि सकाळ-संध्याकाळचा घोळ नाही ना? बॅटरीचं चिन्ह पूर्ण भरलेलं आहे? तीनही ‘हो’ असतील तरच पुढे.

## ३. खुर्ची, टेबल आणि हाताची उंची

सोफा नको. सोफ्यात माणूस रुततो आणि हाताला योग्य उंचीचा आधार मिळत नाही. जेवणाच्या टेबलाची पाठ असलेली साधी खुर्ची सर्वांत उत्तम. पाठ टेकलेली, दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. कमी उंचीच्या व्यक्तीचे पाय लोंबत असतील तर खाली पाट ठेवा.

हात टेबलावर ठेवला की दंडावरच्या पट्ट्याचा मध्य छातीच्या मध्याच्या रेषेत यायला हवा. टेबल बुटकं असेल तर कोपराखाली घडी केलेली चादर घ्या. हे चोचले नव्हेत, साधं भौतिकशास्त्र आहे. पट्टा हृदयाच्या खाली गेला की मधल्या रक्ताच्या स्तंभाचं वजन मोजमापात मिळतं. रक्त पाण्यापेक्षा किंचित जड, पारा पाण्याच्या १३.६ पट जड. हिशेब केला तर दर सेंटिमीटरला सुमारे ०.७८ मिलिमीटर पारा. दहा सेंटिमीटर खाली म्हणजे जवळजवळ ८. निरोगी माणसाला ‘तुमचं वाढलंय’ म्हणायला तेवढं पुरतं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये हेच माणसांवर तपासलं. हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सरासरी ३.९ ने जास्त आला, आणि हात बाजूला लोंबकळत सोडला तर ६.५ ने.

पहिल्याच दिवशी दोन्ही हातांवर मोजून घ्या. फरक १० पेक्षा जास्त असेल तर ज्या हातावर जास्त येतं तो हात कायमचा ठरवा. एकदा ठरला की बदलायचा नाही. फरक वारंवार १५ च्या वर येत असेल तर डॉक्टरांना सांगा, हाताच्या रक्तवाहिनीत काही अडथळा आहे का हे ते पाहतील.

## ४. प्रत्यक्ष मोजणं

क्रम असा:

१. आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू, सिगारेट, व्यायाम, जिना काही नाही. ‘घोटभर चहा’ हा अपवाद नाही.

२. लघवीला जाऊन या. मूत्राशय भरलेलं असताना बीपी चढतं.

३. बाही वर सरकवू नका, हात पूर्ण बाहेर काढा. गुंडाळलेली बाही वर दंडाला आवळते आणि मोजमापाचा विचका करते. पट्टा उघड्या कातडीवर, कोपराच्या वळणापासून दोनेक सेंटिमीटर वर, नळी आतल्या बाजूने खाली. पट्ट्याखाली एक-दोन बोटं सरकतील इतपत सैल.

४. आता पाच मिनिटं गप्प बसा. मोबाइल लांब, बातम्या बंद. या पाच मिनिटांची चोरी सर्वाधिक होते.

५. बटण दाबा. मोजणं चालू असताना बोलू नका. नुसत्या बोलण्याने वरचा आकडा १० च्या आसपास चढू शकतो. ‘किती आलं गं?’ असं स्वयंपाकघरातून विचारणाऱ्याला आधीच बजावून ठेवा.

६. आकडा कागदावर लिहा. एक मिनिट थांबा. दुसरं मोजमाप घ्या. तेही लिहा.

दुसरा आकडा बहुधा पहिल्यापेक्षा कमी येतो. म्हणून काहीजण तिसरा, चौथा घेत राहतात आणि मनासारखा आला की थांबतात. हे मोजमाप नव्हे, घासाघीस आहे. दोन ठरले म्हणजे दोन. लय अनियमित असणाऱ्यांना डॉक्टरांनी तीन सांगितले तर तीन, पण दर वेळी तीनच.

इशारा: यंत्राने १३७/८३ दाखवलं तर १३७/८३ च लिहा. ‘१४०/८० धरू’ असं केलं की पुढची सगळी गणितं तुमच्या मनाच्या आकड्यांवर चालतात. कोणाच्याही वहीत निम्म्याहून अधिक आकडे शून्याने संपत असतील तर ती वही यंत्राने नाही, माणसाने लिहिली आहे.

## ५. सात दिवसांचं वेळापत्रक

रोज मोजायचं नाही. आठवडा मोजायचा, मग डॉक्टर पुन्हा सांगतील तेव्हा दुसरा आठवडा. वर सांगितलेल्या युरोपीय सूचनांत ठरवून दिलेली पद्धत अशी: सात दिवस, रोज सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन मोजमापं, मध्ये एक मिनिट. पहिला दिवस सोडून द्यायचा, कारण त्या दिवशी यंत्राची धास्तीच जास्त असते. उरलेल्या सहा दिवसांच्या २४ आकड्यांची सरासरी धरायची. सात जमलेच नाहीत तर निदान तीन दिवस तरी हवेत.

सकाळचं मोजमाप उठल्यावर तासाभरात, नाश्त्याआधी आणि बीपीची गोळी घेण्याआधी. गोळीचा असर पुढच्या डोसपर्यंत टिकतो का, हे त्यावरूनच कळतं. इथे सगळ्यात मोठी चूक होते ती ‘आज बीपी मोजायचंय, म्हणून आधी गोळी घेतली’ ही. याच्या उलटही करू नका: मोजायचं आहे म्हणून गोळी दुपारपर्यंत लांबवायची नाही. लवकर मोजा, लगेच गोळी घ्या.

संध्याकाळचं जेवणाआधी. ऑफिसातून घरात पाऊल टाकल्या टाकल्या नको.

आठवडाही नेहमीसारखा निवडा. घरात लग्न, प्रवास, ताप, दाढदुखी असेल तर पुढे ढकला. थंडीत बीपी उन्हाळ्यापेक्षा थोडं वर असतं, तेव्हा मे महिन्यातला आठवडा डिसेंबरशी ताडताना हे लक्षात असू द्या.

डोकं दुखतंय, चक्कर येतेय म्हणून मधेच घेतलेली मोजमापं वेगळ्या पानावर लिहा. ती डॉक्टरांना दाखवायची, पण आठवड्याच्या सरासरीत मिसळायची नाहीत. त्रास झाला तेव्हाच मोजलेले आकडे एकत्र केले की सरासरी आपसूक वर जाते.

## ६. शीट बांधा

लिब्रेऑफिस कॅल्क, एक्सेल, गूगल शीट्स, काहीही चालेल. मी लिब्रेऑफिस वापरतो, कारण ते फुकट आहे आणि आरोग्याचे आकडे माझ्याच संगणकावर राहतात. बाकी वादात पडण्यात मजा असली तरी फायदा नाही.

एका ओळीत एकच मोजमाप. हा नियम पाळला तर पुढचं सगळं सोपं जातं. कॉलम आठ:

तारीख | वेळ | सत्र | क्रमांक | वरचा | खालचा | नाडी | शेरा

भरलेली ओळ अशी दिसेल:

२०२६-०१-०९ | ०७:१० | सकाळ | १ | १४२ | ८८ | ७४ | रात्री झोप कमी

आता एकेका कॉलममध्ये काय बिघडतं ते पाहा.

वरचा आणि खालचा वेगळे. ‘१४२/८८’ असं एकाच सेलमध्ये लिहिलं की संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर झाला. त्याची सरासरी निघत नाही.

आकडे इंग्रजी अंकांत भरा. या लेखात मी देवनागरी अंक लिहिले आहेत, पण शीटमध्ये देवनागरी अंक कुठे संख्या म्हणून धरले जातात, कुठे मजकूर म्हणून, याचा भरवसा नाही. ओळखायची खूण सोपी आहे: सेलची मांडणी बदललेली नसेल तर संख्या उजव्या कडेला जाते, मजकूर डाव्या कडेला चिकटतो. १४२ डावीकडे दिसला की समजा, तो आकडा नाही, आकड्याचं सोंग आहे.

तारीख वर्षापासून लिहा. वर्ष, महिना, दिवस, मध्ये आडव्या रेघा. आपण ०५/०१ म्हणजे ५ जानेवारी म्हणतो. संगणकाची भाषा ‘इंग्रजी, अमेरिका’ असेल तर तो १ मे समजतो, आणि चकार शब्द काढत नाही. १ ते १२ तारखांपर्यंत दिवस-महिना गुपचूप उलटे होतात. १३ तारीख आली की तेरावा महिना नसल्याने तो अडखळतो आणि तारखेला मजकूर म्हणून डावीकडे टाकतो. अर्ध्या तारखा उजवीकडे आणि अर्ध्या डावीकडे दिसल्या, तर डावीकडच्या निदान तुम्ही लिहिल्या तशाच असतात. चुकलेल्या उजवीकडच्या. हा प्रकार फक्त घरगुती शीटमध्ये होतो असं नाही. एक्सेल ‘मार्च १’, ‘सेप्ट २’ अशा जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकायचं. संशोधनपत्रांच्या पुरवण्यांत ही चूक इतकी पसरली की २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने त्या जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल बदलेल याची वाट पाहण्यापेक्षा ते सोपं वाटलं असणार.

राहिलेलं मोजमाप रिकामं ठेवा. शून्य लिहू नका. तेवीस मोजमापं १४० ची आणि एका जागी शून्य, तर सरासरी १३४.२ येते. १४० चा माणूस एका शून्यापायी १३५ च्या खाली गेला. रिकामा सेल सरासरीत धरला जात नाही, शून्य धरलं जातं.

शेरा कॉलम भरभरून लिहा. झोप, भांडण, उपास, बाहेरचं जेवण, आणि बीपीच्या गोळीखेरीज घेतलेलं प्रत्येक औषध. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन असतं, ते बीपी वाढवू शकतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्याही वाढवतात. आणि खोकल्यासाठी चघळलेला ज्येष्ठमध. तो दिवसेंदिवस घेतला तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. ‘औषध काही घेतलं नाही हो, फक्त काढा घेतला’ हे वाक्य डॉक्टरांच्या कामाचं आहे, तेव्हा तेही लिहा.

शेवटी वरच्या-खालच्या कॉलमवर कुंपण घाला. लिब्रेऑफिसमध्ये डेटा मेनूत ‘व्हॅलिडिटी’ आहे, एक्सेल आणि गूगल शीट्समध्ये ‘डेटा व्हॅलिडेशन’. वरच्यासाठी ७० ते २५०, खालच्यासाठी ४० ते १५०, फक्त पूर्णांक. १४२ च्या जागी १४२२ पडलं की शीट तिथेच अडवेल. १३८ चं १८३ झालं तर मात्र अडवणार नाही, ते तुम्हालाच पाहावं लागेल.

## ७. भरून झाल्यावर, सरासरीआधी

ही तपासणी दहा मिनिटांची आहे आणि सरासरी काढण्याची घाई नेमकी तिचा बळी घेते.

पहिलं, मोजणी. ‘काउंट’ हे सूत्र फक्त संख्या मोजतं, ‘काउंटए’ भरलेला प्रत्येक सेल मोजतं. वरच्या आकड्यांच्या सेलवर, मथळा सोडून, दोन्ही लावा. उत्तरं सारखी यायला हवीत. काउंट २१ आणि काउंटए २४ आलं तर तीन सेलांत आकड्याच्या वेशात मजकूर बसला आहे. सरासरीचं सूत्र त्या तिघांना न सांगता वगळतं. चूक दाखवत नाही, लाल होत नाही, काही नाही. म्हणून ही मोजणी स्वतः करायची.

दुसरं, तारखेनुसार क्रम लावून पाहा. क्रम लावताना सगळे कॉलम एकत्र निवडा. फक्त तारखांचा कॉलम निवडून क्रम लावला तर तारखा हलतात, आकडे जागेवर राहतात, आणि कुठल्या दिवशी काय होतं याचा मागमूस उरत नाही. असं झालंच तर ताबडतोब अनडू. फाइल सेव्ह करून बंद केली असेल तर कागदावरून पुन्हा भरणं आलं. चौथ्या टप्प्यात कागदावर लिहा म्हटलं ते याचसाठी.

तिसरं, सर्वांत मोठे आणि सर्वांत छोटे दोन-दोन आकडे काढून कागदाशी ताडा. १८३ कागदावर १३८ असेल तर दुरुस्त करा. कागदावरही १८३ च असेल तर तो राहू द्या. ‘हा काहीतरीच वाटतो’ हे वगळण्याचं कारण नाही. पट्टा सुटला, यंत्राने एरर दाखवली, मध्ये दारावरची बेल वाजून उठावं लागलं, ही कारणं आहेत. आणि तेव्हाही ओळ पुसू नका. नवव्या कॉलमला ‘वगळा’ नाव द्या, तिथे ‘हो’ लिहा आणि शेऱ्यात कारण द्या.

## ८. सरासरी आणि आलेख

हिशेबासाठी वेगळी शीट उघडा. नोंदींच्या शीटमध्ये सूत्रं नकोत. ‘एव्हरेजइफ्स’ सूत्राने चार सरासऱ्या काढा: सकाळचा वरचा, सकाळचा खालचा, संध्याकाळचा वरचा, संध्याकाळचा खालचा. अटी तीन: पहिल्या दिवसानंतरची तारीख, त्या त्या वेळचं सत्र, आणि ‘वगळा’ मध्ये ‘हो’ नाही. मग एकूण सरासरी. दशांशानंतर काही दाखवू नका. १३७.४२ लिहिणं म्हणजे यंत्राला नसलेली अक्कल त्याला बहाल करणं.

आलेख काढायचा तर ‘लाइन’ नको, ‘एक्सवाय स्कॅटर’ घ्या. साधा लाइन आलेख नोंदी एकमेकींपासून सारख्या अंतरावर मांडू शकतो, मग मध्ये गेलेले तीन दिवस दिसतच नाहीत. उभ्या अक्षाची मर्यादा हाताने ४० ते २०० ठेवा. शीटवर सोडलं तर ते १२८ ते १३६ एवढीच पट्टी ताणून दाखवेल आणि आठ अंकांचा चढउतार घाटरस्त्यासारखा दिसेल. सकाळ एका रंगात, संध्याकाळ दुसऱ्या. १३५ वर एक आडवी रेघ. बस.

## ९. आलेल्या सरासरीचा अर्थ

घरच्या सरासरीसाठी युरोपीय सूचनांची मर्यादा १३५/८५ आहे. दवाखान्यातल्या १४०/९० च्या जोडीची ही. अमेरिकेच्या २०१७ च्या सूचनांत दोन्हीकडे १३०/८० धरलं आहे. तुमच्यासाठी कुठली लागू, हे वय, मधुमेह, मूत्रपिंड यांवरून डॉक्टर ठरवतील. दवाखान्यात जास्त आणि घरी नॉर्मल, किंवा दवाखान्यात नॉर्मल आणि घरी जास्त, दोन्ही प्रकार होतात. दुसरा जास्त काळजीचा, कारण तो दवाखान्यात पकडलाच जात नाही.

आता सगळ्यांना हवा असलेला प्रश्न: गेल्या महिन्यापेक्षा फरक पडला का?

समजा तुमची एकेका दिवसाची सरासरी दिवसागणिक ८ अंकांनी इकडेतिकडे होते (हे ‘स्टडेव्ह’ सूत्राने काढता येतं, आधी रोजची एक सरासरी काढून). सहा दिवसांच्या सरासरीची डळमळ म्हणजे ८ भागिले ६ चं वर्गमूळ, सुमारे ३.३. दोन आठवड्यांची तुलना करताना दोन्हींची डळमळ मिळते (सरळ बेरीज नव्हे, दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ), ती ४.६ होते. त्याच्या दुपटीएवढा, म्हणजे नऊएक अंकांचा फरक असेल तर ‘खरंच बदल झाला’ म्हणायला जागा आहे. १४१ चं १३८ झालं, तर काहीही झालेलं नाही. पेढे वाटू नका, गोळीही सोडू नका.

यातून लसूण, मेथीचं पाणी, दुधीचा रस या प्रकरणांचाही उलगडा होतो. माणूस उपाय कधी सुरू करतो? आकडा फार वर गेला की. वर गेलेला आकडा पुढच्या मोजमापांत काही न करताही नेहमीच्या पातळीकडे सरकतो. श्रेय त्या आठवड्यात जे पोटात गेलं त्याला मिळतं. उपाय तपासायचाच असेल तर आधी पूर्ण आठवडा मोजा, मग सुरू करा, महिन्याने पुन्हा पूर्ण आठवडा, तोच हात, तेच यंत्र, त्याच वेळा. चालू गोळ्यांना हात न लावता.

मीठ कमी करणं हा तपासण्याजोगा उपाय आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, आणि लोणचं, पापड, फरसाण त्यातच मोजायचं. पण ‘लो सोडियम’ मिठाकडे वळताना पाकिटामागचं बारीक वाचा. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज ते घरात आणू नका. रक्तातलं पोटॅशियम चढलं तर त्याचा फटका थेट हृदयाला बसतो.

## १०. डॉक्टरांकडे नेताना

एक पान. ओपीडीत तुमच्या २८ ओळी वाचायला कोणाकडे वेळ नाही, मोबाइलवर बोटाने सरकवत दाखवायला तर नाहीच. पानावर हे: नाव, वय, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, यंत्राचं मॉडेल, दंडाचा घेर आणि पट्ट्याचा आकार, कुठला हात, सकाळची सरासरी, संध्याकाळची सरासरी, एकूण सरासरी, सर्वांत जास्त, सर्वांत कमी, किती मोजमापं धरली, किती वगळली आणि का. खाली चालू गोळ्या, डोस आणि प्रत्यक्ष घेण्याची वेळ. चिठ्ठीवर लिहिलेली नव्हे. मोठ्या अक्षरात छापा. कच्च्या नोंदी मागच्या पानावर, मागितल्या तर.

घरातल्या वयस्कर व्यक्तीला उभं राहताना गरगरत असेल तर एक जादा मोजमाप उपयोगी पडतं: बसून एक, उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला एकेक. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर तो वेगळ्या चौकटीत लिहा. हे करताना कोणीतरी शेजारी उभं राहा, आणि मागे खुर्ची असू द्या.

वर्षातून एकदा यंत्र सोबत न्या, दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून घ्या. एकाच हातावर, आलटून पालटून, मध्ये मिनिटभर थांबत.

फाइल तीन जागी ठेवा: संगणकावर, पेन ड्राइव्हवर, आणि घराबाहेर कुठेतरी. सीएसव्ही (शीटची साध्या मजकुराची फाइल) करून ठेवत असाल तर अक्षरं साठवण्याची पद्धत म्हणून यूटीएफ-८ निवडा, नाहीतर शेरा कॉलममधल्या मराठीचे चौकोन होतात. अशी फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडू नका. डेटा मेनूतून ‘फ्रॉम टेक्स्ट’ ने आत घ्या आणि तिथेही यूटीएफ-८ च सांगा. फाइलच्या नावात आईचं पूर्ण नाव आणि आजार नको, आणि ती कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकू नका. तिथे तीस जण आहेत आणि प्रत्येकाकडे एक काढा आहे.